पडकी म्हणूनच बांधलेली कमान दुरुस्त करायची ती कशी? क्यू उद्यानातील शोभेच्या इमारतींविषयी

आपला प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. लंडनमधल्या क्यू येथील वनस्पती उद्यानात आपण दिवसभर फिरलात. देव नसलेली देवळे, नायलॉनचे ड्रॅगन बसवलेला पॅगोडा आणि मुद्दाम पडकी बांधलेली कमान आपण पाहिलीत. आपल्या प्रबंधासाठी आपण तीन गोष्टी विचारल्या आहेत. वनस्पतिशास्त्राला वाहिलेल्या उद्यानात या इमारतींचे काम काय? यंत्रातून छापून काढलेले ड्रॅगन बसवणे प्रामाणिकपणाचे म्हणता येईल का? आणि जी वास्तू पहिल्या दिवसापासून पडकीच होती तिची दुरुस्ती करायची म्हणजे नेमके काय करायचे. त्यापेक्षा तिला आपल्या गतीने पडू देणे अधिक खरे नाही का?

क्यू येथील कामांशी माझा संबंध नाही. मात्र अठराव्या शतकात आखलेल्या बागांमधील अशाच वास्तूंच्या दुरुस्तीचे काम मी बरीच वर्षे करत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून सांगतो की आपल्या तीनही प्रश्नांच्या मुळाशी एकच अडचण आहे. एखाद्या इमारतीचे मुख्य काम केवळ दिसणे हेच असेल, तर तिच्यात जपायचे काय? घर जपताना राहण्याची सोय जपता येते, पुलाची वाहतूक जपता येते. फॉलीच्या, म्हणजे बागेत केवळ शोभेसाठी उभारलेल्या अशा इमारतीच्या, बाबतीत तसे नसते. ती कोठून दिसावी, किती दिसावी, कोणत्या झाडांच्या मधून दिसावी आणि पाहणाऱ्याला काय वाटावे, हाच तिचा आराखडा असतो. म्हणून तिच्या प्रत्येक दुरुस्तीत मी तिची जागा, तिची बाह्यरेषा आणि तिच्याकडे नेणारी दृष्टिरेषा यांना पहिले स्थान देतो. वीट, चुना आणि लाकूड यांचे मोलही मोठेच आहे, पण ते किती, हे पुराव्यावर आणि परिस्थितीवर ठरते.

आता पहिला प्रश्न. या इमारती वैज्ञानिक उद्यानात नंतर घुसलेल्या नाहीत. त्या उद्यानाच्या जन्माच्या वेळच्याच आहेत. वेल्सचा युवराज फ्रेडरिक १७५१ मध्ये वारला. त्यानंतर त्याची पत्नी ऑगस्टा हिने क्यूच्या बागेचे काम पुढे नेले. विल्यम एटन या माळ्याची १७५९ मध्ये झालेली नेमणूक ही वनस्पती उद्यानाची सुरुवात मानली जाते, आणि वनस्पतींची जाण असलेला बूटचा अर्ल ऑगस्टाला सल्ला देत असे. याच काळात तिचा वास्तुविशारद विल्यम चेंबर्स बागेत एकामागून एक इमारती उभारत होता. ऑरेंजरी, म्हणजे लिंबूवर्गीय झाडे ठेवण्याची इमारत, १७६१ मधली आणि पॅगोडा १७६२ मध्ये पूर्ण झालेला. पडकी कमान तर थेट १७५९ मधली, म्हणजे उद्यानाच्या आरंभवर्षातलीच. जगभरची झाडे एका जागी आणणारी हौस आणि रोम, चीन व स्पेनमधल्या वास्तूंचे नमुने एका जागी आणणारी हौस या एकाच घरातल्या, एकाच वेळच्या आणि एकाच खिशातून पोसलेल्या होत्या. त्यांची फारकत आपण आज करतो.

दुसरे कारण जमिनीचे आहे, आणि ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. चेंबर्सने १७६३ मध्ये या बागेचे नकाशे आणि चित्रे यांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात त्याने स्वच्छ लिहिले आहे की ही जागा सखल आहे, तेथून कोणताही देखावा दिसत नाही, मुळात जमीन सपाट व नापीक होती आणि तेथे ना झाडी होती ना पाणी. ज्या बागेला टेकडी, दरी किंवा नदीचे वळण मिळालेले असते तिला इमारतींची गरज कमी भासते. सपाट मैदानावर मात्र पाहणाऱ्याची नजर कोठे थांबणार, कोठे वळणार, हे बांधूनच ठरवावे लागते. चेंबर्सने वीसच्या वर इमारती उभारल्या त्यामागे ही निकड होती. वारादेवता एओलसचे देऊळ त्याने मुद्दाम उंचवट्यावर बसवले. त्याच्या खांबांमध्ये एक मोठा अर्धवर्तुळाकार कोनाडा होता, आसनासारखा. तो खुंटावर फिरत असे, आणि एवढा मोठा असूनही एका हाताने हव्या त्या दिशेला वळवता येई, असे चेंबर्स नोंदवतो. सपाट बागेत दिशा निवडण्याची सोय आसनालाच करून देणारा हा माणूस देखाव्याचा किती बारकाईने विचार करत होता, हे त्यावरून कळते.

या इमारती ज्या पद्धतीने बांधल्या गेल्या त्याकडेही लक्ष द्यायला हवे, कारण पुढच्या दुरुस्तीचे बरेचसे प्रश्न तेथेच जन्माला आले. बहुतेक देवळे लाकूड, वीट आणि गिलाव्याची होती. नाटकाच्या नेपथ्यासारखी समोरून भारदस्त आणि मागून साधी. पॅगोडाच्या एका बाजूला अल्हाम्ब्रा (स्पेनमधील त्याच नावाच्या राजवाड्याच्या धर्तीची इमारत) आणि दुसऱ्या बाजूला मशीद असे त्रिकूट विल्यम मार्लोने १७६३ च्या जलरंगचित्रात नोंदवले आहे. त्यातला पॅगोडा तेवढा उरला. सूर्याचे देऊळ लेबनॉनमधील बालबेकच्या गोल देवळावरून घेतलेले होते. ते १९१६ पर्यंत टिकले आणि त्या वर्षीच्या वादळात शेजारचा लेबनॉन सीडार त्यावर कोसळून नष्ट झाले. वनस्पती उद्यानातील इमारतीला हा धोका नेहमीच असतो, आणि तो केवळ इमारतीचा प्रश्न म्हणून सोडवता येत नाही. मोलाचे झाड आणि मोलाची वास्तू एकमेकांच्या अंगावर आली की कोणी कोणाला जागा द्यायची, हे वनस्पतींचा जाणकार आणि वास्तूचा जाणकार यांनी एकत्र बसूनच ठरवावे लागते. ऑक्टोबर १९८७ च्या वादळात क्यूमधली सुमारे ७०० झाडे पडली. अशा रात्रीनंतर कोणती दृष्टिरेषा उघडी पडली आणि कोणती बुजली, हे पाहूनच नव्या लागवडीचे निर्णय घ्यावे लागतात.

शोभेच्या इमारती निरुपयोगी असतात हा समजही थोडा सैल करायला हवा. ऑरेंजरी झाडांसाठी बांधली, पण निघाली सावली देणाऱ्या घरासारखी: विटांच्या भिंती, त्यांवर गिलावा, आणि आत उजेड इतका कमी की लिंबूवर्गीय झाडे तेथे नीट वाढली नाहीत. पुढे तिच्यात लाकडांचे संग्रहालय आले आणि आता उपाहारगृह आहे. उलट तलावाच्या पलीकडे दिसणारा इटालियन पद्धतीचा मनोरा शोभेचा वाटतो, पण एकोणिसाव्या शतकात पाम हाउस या ताडवृक्षांच्या काचघराच्या बॉयलरचा धूर भुयारातून त्याच मनोऱ्यात आणून सोडलेला होता. आणि आपल्याला खटकलेली पडकी कमान हा तर मुळात पूल आहे. बागेच्या एका मुख्य वाटेवरून गाड्या आणि गुरे पलीकडे नेण्यासाठी आपण ती बांधली, असे चेंबर्स सांगतो. खालून जाणाऱ्याला रोमन अवशेष दिसावा आणि वरून गुरे निघून जावीत, अशी ती योजना होती.

एकोणिसाव्या शतकाने या इमारतींना आणखी एक काम दिले. १८४० मध्ये उद्यान सरकारकडे आले, डेसिमस बर्टन आणि रिचर्ड टर्नर यांनी १८४४ ते १८४८ या काळात पाम हाउस उभारले, आणि बागरचनाकार विल्यम नेस्फील्डने त्याभोवतीच्या झाडांच्या रांगा आखल्या. त्यातली एक लांबलचक रांग थेट पॅगोडावर जाऊन थांबते. ऐंशी वर्षांपूर्वी एका राजघराण्यातील स्त्रीसाठी बांधलेली वास्तू अशा रीतीने सार्वजनिक वनस्पती उद्यानाच्या आखणीचा खुंट बनली. पॅगोडा काढला तर ती संपूर्ण रांग कोठे चालली आहे हेच कळणार नाही. त्यामुळे ‘झाडांच्या बागेत ही इमारत कशाला’ असे विचारण्यापूर्वी त्या बागेतील झाडे कोणाकडे पाहून लावली आहेत, हे नकाशावर एकदा तपासावे.

आता कमानीकडे येतो, कारण आपला सर्वांत अवघड प्रश्न तोच आहे. चेंबर्सने तिचे वर्णन इतके तपशीलवार केले आहे की दुरुस्ती करणाऱ्याला त्याचे आभारच मानावेत. विटांची आणि वरून दगडाने मढवलेली रोमन वास्तू उभी करणे हा त्याचा उद्देश होता. मूळ कल्पना तीन दारांच्या विजयकमानीची. त्यांपैकी दोन दारे बुजवून आत खोल्या केल्याचे दाखवायचे, म्हणजे कोणीतरी नंतरच्या काळात त्या अवशेषात वस्ती केली असावी असे वाटावे. उत्तरेची बाजू खडकांमध्ये दाबलेली, त्यांवर काटेरी झुडपे आणि रानवेली, वर दाट झाडी आणि त्या झाडीतून डोकावणारे खांब. जमिनीवर कंगण्यांचे (भिंतीच्या माथ्यावरच्या पुढे आलेल्या नक्षीदार पट्ट्यांचे) तुकडे जणू वरून निखळल्यासारखे विखुरलेले. म्हणजे पडझडीचाही आराखडा होता. झुडपेसुद्धा त्या आराखड्याचा भाग होती. ही किमया किती साधली होती याचा दाखला चित्रकार रिचर्ड विल्सनने दिला. त्याने या कमानीचे चित्र काढले आणि पुढच्या काळात जाणकारांनी ते दीर्घकाळ इटलीतलेच दृश्य मानले.

अशा भिंतीसमोर मी प्रथम उभा राहतो तेव्हा शोध एकाच गोष्टीचा असतो: यातली कोणती मोडतोड बांधणाऱ्याची आणि कोणती पावसाची? बारकाईने पाहिले तर फरक दिसतो. खरोखर ढासळलेल्या भिंतीत विटा सांध्यातून सुटतात. आतला गाभा उघडा पडतो, आणि तुटलेल्या कडेवर चुना नसतो, फक्त त्याचे ठसे असतात. बांधलेल्या पडझडीत गवंड्याने वीट हातात घेऊन तासलेली असते. तुटका दिसणारा थर पायरीपायरीने उतरवलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर चुन्याचा मसाला हलका उतार देऊन फिरवलेला सापडतो, म्हणजे पाणी साचू नये. मोडलेल्या कंगणीच्या दगडाच्या मागच्या बाजूला छिन्नीचे सरळ घाव दिसले, तर तो दगड मोडून पडलेला नाही, तो तसाच घडवलेला आहे. ही तपासणी परांची बांधून, हातभर अंतरावरून करावी लागते. जमिनीवरून काढलेल्या छायाचित्रांवर विसंबून केलेले दुरुस्तीचे अंदाजपत्रक अशा कामात हमखास फसते.

हा भेद एकदा कागदावर उतरला की दुरुस्तीचा अर्थ स्पष्ट होतो. बांधणाऱ्याने केलेली मोडतोड ही रचना आहे, म्हणून ती जपायची. एखादी तासलेली वीट निसटली असेल तर ती त्याच जागी, त्याच तिरकसपणाने परत बसवायची. पावसाने, थंडीने किंवा मुळांनी केलेली मोडतोड हे नुकसान आहे, ते थांबवायचे. हे बोलायला सोपे आहे, पण मधल्या पट्ट्यात बरेच काही असते. दोनशे साठ वर्षांत पावसाने काही कडा गोलावल्या असतील आणि त्यामुळे वास्तू मूळच्यापेक्षा अधिक खरी वाटू लागली असेल. अशी झीज भिंतीच्या बळावर येत नसेल तर मी तिला हात लावत नाही.

प्रत्यक्ष कामात सर्वांत मोठा शत्रू म्हणजे भिंतीचा उघडा माथा. छप्पर असलेल्या भिंतीत पाणी कडेने शिरते. पडक्या भिंतीत ते वरून, सरळ गाभ्यात शिरते. विसाव्या शतकात ठिकठिकाणी अशा माथ्यांवर सिमेंटचा थर चढवला गेला. सिमेंट कडक, मऊ वीट त्याच्यासोबत हलत नाही, त्यामुळे थराला बारीक भेगा जातात. त्या भेगांतून आत गेलेले पाणी बाहेर पडायला वाट उरत नाही, आणि गोठणाऱ्या थंडीत विटेचा दर्शनी पापुद्रा सुटून येतो. चुन्याचा मसाला विटेपेक्षा मऊ आणि सच्छिद्र असल्यामुळे ओल सांध्यातून बाहेर पडते, आणि झिजायचे झाले तर सांधा झिजतो, वीट वाचते. सांधा दर काही दशकांनी पुन्हा भरता येतो, वीट पुन्हा आणता येत नाही. चुन्याचे काम मात्र संयमाचे आहे. भरलेले सांधे ओल्या गोणपाटाने झाकून हळूहळू सुकू द्यावे लागतात, आणि इंग्लंडच्या हवेत दंव पडू लागले की काम बंद ठेवावे लागते. या कारणाने वेळापत्रक लांबले तर लांबू द्यावे.

माथ्यावर माती आणि गवताचे आच्छादन देणे हा दुसरा मार्ग आहे, आणि कृत्रिम भग्नावशेषांच्या बाबतीत मला तो विशेष पटतो. गवताचा गादीसारखा थर पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि माथ्याच्या तापमानातली चढउतार कमी करतो. शिवाय तो मूळ कल्पनेला धरूनही आहे. पण वर कोणती रोपे येऊ द्यायची याची यादी हवी. उथळ मुळांची गवते आणि लहान रानफुले चालतील. बडलिया, एल्डर किंवा सिकामोरचे रोप बोटभर जाड व्हायच्या आत उपटायला हवे, कारण एकदा मूळ सांध्यात लाकडासारखे झाले की ते काढताना भिंतच उकलते. आयव्हीच्या वेलीबद्दल सरसकट निवाडा देता येत नाही. ती जमिनीत रुजलेली असून भिंतीला केवळ चिकटलेली असेल तर भिंतीचे थंडी आणि पावसापासून रक्षणच करते. ती भिंतीच्या भेगेत रुजली असेल तर घातक ठरते. हे पाहायला तिची पाने बाजूला सारून खोड कोठे जाते ते शोधावे लागते. वनस्पती उद्यानाचा येथे मोठा फायदा असा की रोप ओळखणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो. इतर ठिकाणी मला तो शोधत फिरावे लागले आहे.

आता तिला पडू देण्याविषयी. आपल्या प्रश्नामागची भावना मी समजू शकतो, आणि इंग्लंडमधील संवर्धनाची परंपराही काही अंशी आपल्या बाजूने आहे. विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या संरक्षणासाठी जी संस्था स्थापन केली तिचा आग्रहच असा होता की जुन्या वास्तूला पुन्हा नवी करू नये, काळजी घेऊन तिला टिकवावे. १९६४ ची व्हेनिस सनदही सांगते की जेथे अंदाज सुरू होतो तेथे पुनर्स्थापना थांबली पाहिजे. पण ही तत्त्वे काळाने मोडलेल्या वास्तू डोळ्यांसमोर ठेवून घडली आहेत. खऱ्या रोमन अवशेषाची पडलेली भिंत परत उभारली तर दीड हजार वर्षांच्या इतिहासावर आपण आपली कल्पना लादतो. क्यूच्या कमानीत पडझड हीच रचना आहे आणि ती कशी असावी हे रचनाकाराने लिहून, चित्र काढून ठेवले आहे. तिची तुटकी कंगणी परत बसवताना अंदाज करावा लागत नाही. उलट ती पडू दिली तर चेंबर्सने मोजून ठेवलेला तोल बिघडतो, आणि उरतो तो निव्वळ विटांचा ढीग. तो ढीग अधिक खरा असतो असे मला वाटत नाही. शिवाय कमानीखालून माणसे ये-जा करतात, ही साधी गोष्टही विसरता येत नाही.

एक अपवाद मात्र सांगतो. काही बागांमध्ये अशा वास्तूचे चित्र, वर्णन, हिशेब असे काहीही उपलब्ध नसते, ती निम्म्याहून अधिक ढासळलेली असते आणि मूळ मोडतोड कोणती हे सांगणारी एकही कड शिल्लक नसते. तेथे मी पुनर्रचना सुचवत नाही. आहे तेवढे स्थिर करावे, पडलेले दगड क्रमांक घालून तेथेच ठेवावेत आणि नोंद करून थांबावे. म्हणजे ज्या निर्णयाला क्यूमध्ये मी विरोध करतो, तोच निर्णय पुराव्याअभावी दुसरीकडे योग्य ठरतो.

पॅगोडाच्या ड्रॅगनांचा प्रश्न यापेक्षा गुंतागुंतीचा आहे. चेंबर्सने दिलेली मापे पाहा. सर्वांत खालच्या मजल्याचा व्यास २६ फूट आणि उंची १८ फूट. त्यावरचा प्रत्येक मजला व्यासात आणि उंचीत एकेका फुटाने कमी होत जातो. नववा १८ फूट व्यासाचा आणि १० फूट उंचीचा. दहावा छपरासह २० फूट आणि त्यावरचा कळस १७ फूट. बेरीज केली की बरोबर १६३ फूट येतात. हा हिशेब डोळ्याला फसवण्यासाठी आहे. मजले लहान होत गेल्यामुळे मनोरा आहे त्यापेक्षा उंच वाटतो. चीनमध्ये पॅगोडाचे मजले रूढीने विषम संख्येचे असतात आणि येथे दहा आहेत, यावरून चेंबर्सला प्रतिकृती करायची नव्हती, परिणाम साधायचा होता, हेही दिसते; तरुणपणी चीनमधील कँटनला प्रत्यक्ष जाऊन आलेल्या माणसाला ती रूढी ठाऊक नसेल असे मानणे कठीण आहे. छपरांच्या कोपऱ्यांवरचे ८० लाकडी ड्रॅगन हा त्या परिणामाचा मोठा भाग होता. १७८४ मध्ये छपरांच्या दुरुस्तीच्या वेळी ते उतरवले गेले आणि परत बसलेच नाहीत. राजपुत्राचे कर्ज फेडण्यासाठी ते विकले अशी वदंता आहे. लाकूड कुजले हे कारण अधिक संभवनीय. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षे पॅगोडा बोडका उभा होता. दुसऱ्या महायुद्धात त्याच्या प्रत्येक मजल्याच्या जमिनीला भोके पाडून, वरून खाली बॉम्बचे नमुने सोडून त्यांच्या पडण्याची चाचणी घेतली गेली.

२०१८ मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत ८० ड्रॅगन परत आले. सर्वांत खालच्या छपरावरचे आठ लाकडात कोरलेले आहेत आणि वरचे ७२ त्रिमितीय छपाईने नायलॉनचे केलेले, आतून पोकळ आहेत. यामागचा विचार मला पटतो. खालचे आठ पाहणाऱ्याच्या सर्वांत जवळ असतात, तेथे कोरीव लाकडाचा कस दिसतो. वरचे ७२ दुरून दिसतात, आणि त्यांचे वजन जुन्या छपराच्या वाशांवर येते. मूळचे लाकडी ड्रॅगन बावीस वर्षांतच उतरवावे लागले, ही वस्तुस्थिती समोर असताना उंच, पोहोचायला अवघड अशा कोपऱ्यांवर तेच साहित्य पुन्हा वापरण्याचा आग्रह धरणे म्हणजे तेच अपयश पुन्हा ओढवून घेणे. बाह्यरेषा परत आली, छपरांचे रंग परत आले आणि नेस्फील्डच्या रांगेच्या टोकाशी चेंबर्सचा परिणाम पुन्हा उभा राहिला. फॉलीत काय जपायचे याचे जे उत्तर मी सुरुवातीला दिले, त्याच्याशी हे सुसंगत आहे.

तरी माझ्या दोन शंका आहेत आणि आपल्या प्रबंधात त्या याव्यात असे मला वाटते. पहिली पुराव्याची. मूळ ड्रॅगनांपैकी एकही नमुन्यादाखल समोर नव्हता, त्यामुळे त्यांची जागा, संख्या आणि ढब यांविषयी खात्री असली तरी चेहऱ्याच्या बारकाव्यांत तर्क आलाच. तो तर्क अभ्यासपूर्ण आहे, पण तर्क आहे हे पाहणाऱ्याला सांगितले जायला हवे. दुसरी शंका साहित्याची. नायलॉनवर उन्हातल्या अतिनील किरणांचा परिणाम होतो आणि त्याचे रक्षण वरच्या रंगाच्या थरावर अवलंबून असते. लाकूड कुजताना दिसते, पोकळ वाजते. प्लास्टिक ठिसूळ होताना बाहेरून फारसे काही सांगत नाही. म्हणून ड्रॅगन जेथे छपराला जोडला आहे तो सांधा आणि वरचा रंग यांची ठरावीक काळाने जवळून तपासणी करण्याची तरतूद दुरुस्तीच्या खर्चातच धरलेली असावी. मी अशा कामाचा सल्ला देताना ही तरतूद नसेल तर नवे साहित्य सुचवतच नाही.

कोणत्या काळाची अवस्था जपायची, हा पेच एओलसच्या देवळात सर्वांत स्पष्ट दिसतो. चेंबर्सचे मूळ देऊळ बर्टनने १८४५ मध्ये दगडात पुन्हा बांधले, आणि फिरणारे आसन त्यात उरले नाही. म्हणजे जागा आणि आकार अठराव्या शतकाचे, दगड एकोणिसाव्या शतकाचा. कोणी म्हणेल की आसन परत बसवावे, वर्णन तर उपलब्ध आहे. मी बसवणार नाही. बर्टनचे बांधकामही आता पावणेदोनशे वर्षांहून जुने आहे, ते स्वतःच्या बळावर मोलाचे आहे, आणि आसनासाठी त्याची मोडतोड करावी लागेल. पॅगोडावर ड्रॅगन बसवताना काहीही काढावे लागले नव्हते. तेथे रिकामी जागा होती. नवी भर घालण्यासाठी जुने किती खरवडावे लागते, ही कसोटी मी अशा प्रत्येक प्रस्तावाला लावतो.

परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टीही थोडक्यात सांगतो. क्यूची जमीन वाळूमिश्र आणि हलकी आहे, त्यामुळे चिकणमातीच्या जमिनीत झाडे पाणी ओढून घेतात आणि पाया खचतो तो त्रास येथे तुलनेने कमी. दुसऱ्या बागेत हाच प्रश्न पहिल्या क्रमांकाचा असू शकतो. क्यू २००३ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि त्यातील अनेक इमारती कायद्याने संरक्षित आहेत, म्हणून विटेचा रंग बदलायचा तरी परवानगी लागते. पॅगोडाची जबाबदारी उद्यानाच्या संस्थेकडे नसून ऐतिहासिक राजवाडे सांभाळणाऱ्या संस्थेकडे आहे. निधी आणि प्राधान्यक्रम त्यामुळे बदलतात. राणी शार्लटच्या गवती छपराच्या बंगलीभोवतीची जमीन अर्धवट रानटी ठेवावी या अटीवर व्हिक्टोरिया राणीने ती १८९८ मध्ये उद्यानाला दिली. तेथे छपराची डागडुजी करतानासुद्धा भोवतालच्या ब्लूबेलच्या फुलांचा हंगाम पाहूनच परांचीचे सामान आत न्यावे लागेल.

शेवटी आपण जाता जाता विचारलेला मुद्दा: पॅगोडाशेजारची मशीद आणि अल्हाम्ब्रा पुन्हा उभाराव्यात का. दोन्हींच्या आकृत्या चेंबर्सच्या ग्रंथात आहेत, तेव्हा पुराव्याची उणीव नाही. तरीही माझा कौल नाही असाच आहे. त्या जागांवर आता वाढलेल्या झाडांचा स्वतःचा संग्रह आहे, नेस्फील्डची आखणी एकट्या पॅगोडाला गृहीत धरून झालेली आहे, आणि त्रिकूट परत आणायचे तर या दोन्हींना धक्का लावावा लागेल. आपल्या प्रबंधासाठी मात्र या जागा उपयोगाच्या आहेत. चेंबर्सचा नकाशा, मार्लोचे जलरंगचित्र आणि आजचा झाडांचा नकाशा एकाच प्रमाणात आणून एकमेकांवर ठेवा, मग पॅगोडाच्या पायथ्याशी पाठ करून उभे राहा आणि त्या दोन इमारती जेथे होत्या त्या दिशांना आज कोणती झाडे उभी आहेत याची नोंद त्यांच्या लागवडीच्या वर्षांसह करा. उद्यानातील बहुतेक झाडांवर नावाची पट्टी असते आणि तिच्यावरच्या नोंदणी क्रमांकावरून कार्यालयात पुढची माहिती विचारता येते.